वजन बरोबर लिहिलंय

पहाटे साडेतीनला मंद्रूपहून निघालो.
पुढे मी आणि निलव्वा,
मागे हौद्यात कडब्यावर
आमची मुलगी आणि तिचा मेंढा.
दोघांत मिळून एक घोंगडं.
आरशात बघितलं
तर कुठलं नाक कुणाचं कळेना.

मेंढ्याचं नाव कडक.
पिल्लू होता तेव्हा निलव्वानं वाळवून ठेवलेल्या
कडक भाकरींची अख्खी चवड त्यानं फस्त केली,
तेव्हापासून.
नाक पोपटासारखं बाकदार,
पांढऱ्या अंगावर तांबूस डाग,
कुणीतरी चहा पिताना ठसका लागल्यासारखे.

मुलीचं नाव मायाक्का, माझ्या आईचं.
शाळेच्या वहीवर नुसतं माया.

सोमवारी तिची दहावीची पूर्वपरीक्षा. बीजगणित.
"बाप-लेक दोघंबी येडी," निलव्वा महिनाभर म्हणत राहिली
आणि महिनाभर रोज सकाळी
भिजवलेला मका, मूठभर शेंगपेंड
तीच मोजून देत राहिली.

मी पंधरा वर्षं टेम्पो चालवतोय.
बापाची मेंढरं मी विकली.
कॉलेजात पोरं म्हणायची, अंगाला वास येतोय.
हिला हे सगळं कुणी शिकवलं?
दात कसे बघायचे, खूर कसे तासायचे,
शॅम्पूची रुपयाची पुडी अर्धीच वापरायची,
पूर्ण वापरली तर लोकर फुगते
आणि जनावर खोटं दिसतं.

मैदानावर धूळ. भोंगा मराठीत बोलायचा,
मग कानडीत, मग तेलुगूत.
अठ्ठेचाळीस नंबर.
ती दावं धरून गोलात शिरली.
बाकी सगळे मिशीवाले.
आणि ऐन मध्यावर जाऊन
कडक बसला.

लोक हसले. "उचलून घे की गं पोरी!"
मी दोरीपलीकडून हातवारे करत होतो,
शेपूट पिरगाळ, शेपूट.
तिनं बघितलंच नाही.
तीही बसली, मांडी घालून, नव्या ड्रेसनिशी धुळीत,
त्याच्या कानामागे खाजवत,
परसात बसते तशी.

पंच टेप घेऊन आले.
थोडा वेळ उभे राहिले, मग गुडघ्यावर टेकले.
"चार दाती?"
"दोन दाती. दिवाळीत पडले दुधाचे."
"खातो काय?"
"भाकरी. शिळी."
लोक परत हसले, पण वेगळं.
कडक उठला तेव्हा
भोंगा एकोणपन्नास नंबर पुकारत होता.

उत्तेजनार्थ.
एक हार, एक स्टीलची बादली, एक प्रमाणपत्र.
प्रमाणपत्रावर: चि. मायाप्पा.
मी तडक टेबलाकडे निघालो तर तिनं बाही धरली.
"असू द्या की ओ आप्पा.
वजन बरोबर लिहिलंय."
बासष्ट किलो तीनशे ग्रॅम.

दुपारी इंडीचा एक माणूस आला.
त्यानं टॉवेल पुढे केला,
खाली हात, बोटांनी भाव,
बापजाद्यांची रीत.
मी हात घालणार तेवढ्यात
तिनंच आपला हात टॉवेलाखाली घातला.
माणूस चटका बसल्यासारखा मागे सरला.
परक्या पोरीची बोटं कशी दाबणार?
शेवटी त्याला भाव मोठ्यानं बोलावा लागला.
शेजारच्या चार दावणींनी ऐकला.

"मेंढ्या किती हायत तुमच्या?"
"चाळीस."
"चारायला कोण नेतंय?"
"सून."
"तिचा नंबर द्या."
पेन होतं, कागद नव्हता. तळहातावर लिहून घेतला.

येताना ती पुढे बसली, आमच्या मधे.
मागे रिकाम्या हौद्यात
प्रत्येक गतिरोधकाला बादली गडगडायची.
"थांबवा, बांधून येते," निलव्वा म्हणाली.
मी गाडी थांबवली.
ती उतरली, बराच वेळ मागे उभी राहिली,
तशीच परत आली.
बादली घरापर्यंत वाजत राहिली.

सोमवारी अकराला शाळेतून फोन.
तुमच्या मुलीच्या हातावर आकडे सापडलेत, या.
टेम्पो तसाच भरलेला घेऊन गेलो.
मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर ती उभी,
तळहात उघडा,
दोन दिवस न धुतलेला.
"कुठलं सूत्र आहे हे?"
"सूत्र न्हाई सर, फोन नंबर हाय.
इंडीच्या एका वैनीचा.
तिला सांगायचं राहिलंय,
ताजी भाकरी तो खात न्हाई."